आमच्या घरातले भाव

"भवानी मिसळ हाऊस!" अण्णा एवढ्या जोरात ओरडले, की रिक्षावाल्याने कचकन ब्रेक मारला.

"अहो, तुम्ही चालवा," मी म्हणाले. "ते नुसती पाटी वाचतायत."

अण्णा म्हणजे माझे सासरे. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झाले होते आणि त्या दिवशी डॉक्टरांनी शेवटचं तपासून सोडलं होतं. चिंचवडच्या दवाखान्यापासून निगडीतल्या आमच्या घरापर्यंत त्यांनी एकही पाटी सोडली नाही. लेडीज टेलर, टायर पंक्चर, दंतवैद्य, वधूवर सूचक मंडळ, सगळं एसटीतल्या आवाजात. कराड डेपोत जन्मभर कंडक्टर होते, त्यामुळे आवाजाला कमी नव्हती. आणि मी बावळट, कौतुकाने हसत बसले होते.

"मिसळ, साठ रुपये," अण्णांनी पुढे वाचलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "साठ? एका बशीला?"

मी लगेच सारवासारव केली.

"सहा असेल, अण्णा. वर काहीतरी डाग पडला असेल."

"डाग कसला? शून्य चांगलं वांग्यायेवढं हाय."

"मग एसी हॉटेल असेल."

"बाकडी दिसत्यात की भाईर."

रिक्षावाला आरशातून बघायला लागला. मी त्याच्याकडे असं बघितलं, की त्याने मान खाली घातली. तोवर अण्णांची नवी नजर मीटरवर गेली होती.

"ब्याऐंशी," अण्णा म्हणाले. "हे काय गं?"

"किलोमीटर," माझ्या तोंडातून निघून गेलं.

"ब्याऐंशी किलोमीटर? निम्मं कराड आलं की!"

"बिघडलंय त्यांचं मीटर."

"ओ ताई..." रिक्षावाला म्हणाला. तोवर आमचं फाटक आलं होतं. मी मागूनच शंभराची नोट त्याच्या खांद्यावरून पुढे सोडली आणि मोठ्याने म्हणाले, "पंचवीस झाले ना दादा? घ्या." बिचारा शहाणा होता. त्याने नोट घेतली, माझ्याकडे पाहिलं, आणि "पंचवीसच" म्हणाला.

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले आणि कपाळावर हात मारून घेतला. स्वतःच्या हाताने दवाखाना शोधला, स्वतःच रजा टाकली, डोळ्यांत थेंब घातले, आणि हे सगळं करताना एकदाही डोक्यात आलं नाही, की या माणसाला आता वाचता येणार.

तुम्ही म्हणाल, बाई, तुझ्या सासऱ्याला दिसायला लागलं तर तुझं काय बिघडलं? सांगते.

ज्या वर्षी तूरडाळ दोनशेवर गेली त्या वर्षीची ही गोष्ट. घर चालवणाऱ्या बायकांना ते वर्ष आठवत असेल. त्याच्या तीन वर्षं आधी माझा नवरा हेमंत गेला. कावीळ झाली, पोटात उतरली आणि पंधरवड्यात खेळ संपला. आम्हाला मूल नव्हतं. सासूबाई तर माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, आणि घरात मी आणि अण्णा असे दोघंच उरलो. मला अडतिसावं लागलं होतं. एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी होती, दिवसभर लोकांच्या दंडात सुया टोचायच्या.

अण्णा पिशवी भरून दारात उभे राहिले. म्हणाले, "चलतो. ल्योकच न्हाई राहिला, आता सुनेच्या जिवावर बसून किती खायचं?"

"कुठे जाताय?"

"नंदाकडं."

नंदाताई माझी नणंद, इस्लामपूरजवळ दिलेली. जीव लावणारी बाई, पण घरात पंधरा माणसं. अण्णांची खाट पडवीत, गुरांच्या शेजारी. आणि लेकीच्या घरी राहायचं म्हणून हा माणूस तिथे पाण्याचा पेला मागायलासुद्धा लाजायचा.

मी पिशवी हिसकावून घेतली. तशी मी तोंडाळच आहे, माहेरी मला फटाकडी म्हणायचे. म्हटलं, "जा बघू कसे जाता ते. माझा नवरा गेला, आता सासरा पण जाणार, आणि मी काय इथे भिंतींशी बोलू?"

अण्णा बसले. मग त्यांनी अट घातली. घर हेमंतने घेतलेलं, त्याचं भाडं देणार नाहीत. पण अन्नाचे पैसे देणार. दर महिन्याला स्वयंपाकाचा जो खर्च होईल त्यातला निम्मा त्यांचा. ज्या महिन्यात त्यांच्या पेन्शनीत निम्मा भागणार नाही, त्या महिन्यात ते कराडची गाडी पकडणार. नुसतं बोलून थांबणारा हा माणूस नव्हता. त्यांच्या गाडीत सासूबाई माहेरी निघाल्या, तर त्यांनाही तिकीट फाडलेलं. हेमंतला तर पाच वर्षं पूर्ण झाली त्याच दिवसापासून अर्धं तिकीट. आजूबाजूचे लोक म्हणायचे, अहो तुमचाच पोरगा ना? हे म्हणायचे, म्हणून तर.

मी कबूल झाले. किती मोठी चूक होती ते पहिल्या महिन्यात कळलं. कंडक्टरची पेन्शन ती किती? दोन हजाराच्या आत. रोज संध्याकाळी मी पिशवी टेकली की अण्णा विचारायचे, "काय आणलं? कितीला दिलं?" मी खरं सांगायचे. ते मनात मांडत राहायचे. पंधरा तारखेनंतर त्यांनी दुपारचा चहा सोडला. मग रात्री भाकरी एकच. "भूक न्हाई गं, वय झालं." एकदा मी वाढायला गेले तर त्यांनी ताटावर दोन्ही हात धरले, आणि मी कढई तशीच घेऊन ओट्यापाशी जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी विचारलं, "डाळ कितीला?"

"चाळीस रुपये," मी म्हणाले.

"परवा तर नव्वद म्हणालीस."

"ती पॉलिशची होती. ही साधी. आमच्या लॅबजवळ एक जण विकतो."

अण्णांनी मान डोलावली. त्या रात्री दोन भाकऱ्या खाल्ल्या. मला त्या खोट्याचं तेव्हाही काही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

त्यानंतर आमच्या घरात भाव वेगळेच चालू झाले. बाहेर कांदा सत्तर झाला, आमच्याकडे दहा. बाहेर तेलाचा डबा परवडेना, आमच्याकडे तेल उतरतच चाललेलं. दूध, साखर, शेंगदाणे, सगळ्याला मी निम्म्याहून खाली आणलं. महिन्याच्या एक तारखेला अण्णा हजार रुपये माझ्या हातावर ठेवायचे, आणि उरलेल्यातून तंबाखू आणायचे. तंबाखू तेवढी ते स्वतः घ्यायचे, त्यामुळे तिचा भाव त्यांना खरा ठाऊक. "तंबाखू तेवढी लई महाग झाली गं," ते म्हणायचे. "बाकी सरकारला शानपण आलं म्हणायचं."

टीव्हीवर बातम्या लागल्या, महागाईचा मोर्चा आला, की मी म्हणायचे, "ते दिल्लीचं चाललंय." पेपर मीच वाचून दाखवायचे, कारण डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा आलेला. बाजारभावाचं पान आलं की मी मनानेच आकडे सांगायचे. गॅसचा सिलिंडर आणणाऱ्याला दरवाज्याबाहेरच पैसे. आणि सोसायटीच्या फाटकाशी भाजी घेऊन बसणारी हौसाबाई, तिला तर मी पहिल्या महिन्यातच बाजूला घेऊन सांगून ठेवलं होतं. अण्णा आले तर ते म्हणतील त्या भावाला द्यायचं, वरचे पैसे संध्याकाळी माझ्याकडून घ्यायचे. हौसाबाई नवऱ्याशिवाय तीन पोरं वाढवलेली बाई. तिने कशाला, काय, काहीच विचारलं नाही. फक्त एकदा माझ्यावर डाफरली. "तुझा सासरा माझं गिऱ्हाईक बिघडवतोय बघ! चार बायांसमोर मेथीची जुडी तीन रुपयाला मागितली. मी दिली. मग त्या चौघी माझ्या अंगावर आल्या, आम्हाला का न्हाई म्हणून."

खरा गोंधळ बागेतल्या बाकावर झाला. संध्याकाळी सोसायटीतले पाचसहा म्हातारे तिथे बसायचे. अण्णांनी तिथे मोठ्या अभिमानाने सांगितलं, माझी सून डाळ चाळीसने आणती. झालं. ते म्हातारे घरोघर जाऊन आपापल्या सुनांवर बरसले. तुम्हाला कसे पैसे उधळायला लागतात, ती अण्णा शेवाळ्यांची सून बघा. रविवारी सकाळी तीन बायका माझ्या दारात हजर. सगळ्यांत पुढे शेजारची लतिका कुलथे, पदर खोचून.

"कुठे मिळते गं चाळीसने डाळ? मला घेऊन चल. आत्ताच्या आत्ता. आमच्याकडे काल जेवणावरून भांडण झालंय."

मी त्यांना आत स्वयंपाकघरात नेलं, दार लावलं आणि खरं काय ते सांगितलं.  लतिकाने पदर सोडला, नाक पुसलं आणि म्हणाली, "मग आता आम्हाला पण चाळीसच सांगावी लागणार का गं?" खरंच, त्यांनीही आपापल्या घरी भाव उतरवले. काही दिवस आमच्या सोसायटीत म्हाताऱ्यांपुरती रामराज्याची स्वस्ताई होती.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना अण्णा जिन्यात पडले. पायरी दिसली नाही. नशीब, हाड वाचलं. मी त्याच आठवड्यात एका ट्रस्टच्या दवाखान्यात नाव घातलं. "केसपेपर वीस रुपये, बाकी ट्रस्टवाले घेत नाहीत," असं सांगितलं. आधी एक डोळा, मग दुसरा. पुढचं तुम्हाला माहीत आहे, रिक्षात काय झालं ते.

एक गोष्ट माझ्या बाजूची होती. लांबचं दिसायला लागलं तरी जवळचं वाचायला चष्मा लागतो, आणि चष्म्याचा नंबर डॉक्टरांनी त्याच दिवशी लिहून दिला होता. कागद माझ्या पर्समध्ये होता. मी तो पर्समध्येच राहू दिला.

"चष्म्याचं काय झालं गं?" अण्णा दर दोनतीन दिवसांनी विचारायचे.

"दुकान बंद होतं," मी एकदा म्हणाले. मग "गर्दी होती." मग "काच मागवलीय."

तोवर मी घर पालथं घातलं. हल्ली प्रत्येक वस्तूवर किंमत छापलेली असते, हे मला तोपर्यंत कुठे जाणवलं होतं! लतिका मदतीला आली. डाळी, साखर, चहा, पोहे, सगळं डब्यांत ओतलं आणि पिशव्या फाडून कचऱ्यात टाकल्या. साबणाचं वेष्टण काढून साबण नुसता मांडला. टूथपेस्टवरचा आकडा नखाने खरवडला. गोळ्यांच्या पाकिटावर चिकटपट्टी लावली. "बिस्किटांचं काय करायचं?" लतिकाने विचारलं. "बरणीत," मी म्हणाले. "दुधाची पिशवी?" "दूध येतं तेव्हा अण्णा झोपलेले असतात." आम्ही दोघी चोरांसारख्या कुजबुजत होतो, आणि मधेच लतिकाला असं हसू फुटलं, की ती ओट्याला धरून खालीच बसली.

पण खरं सांगू? मला हसू येत नव्हतं. बाहेरच्या खोलीत अण्णा पेपर घेऊन बसलेले असायचे. मी वाचून दाखवलेलं त्यांना पुरत नव्हतं, आता स्वतः वाचायचं होतं. पेपर हातभर लांब धरायचे, मग आणखी लांब, मग मान मागे न्यायची. मथळा लागायचा, खालचं लागायचं नाही. एकदा तर त्यांनी पेपर समोरच्या खुर्चीला टेकवून ठेवला आणि स्वतः भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. तिथून वाचायचा प्रयत्न करत होते, ओठ हलवत. मला बघून ओशाळले.

"लांबनं लागतंय का बघत हुतो," म्हणाले.

मी चपला घातल्या, पर्स घेतली आणि सरळ चष्म्याच्या दुकानात गेले. रस्ताभर स्वतःला शिव्या घालत होते. त्यांना राहायला मिळावं म्हणून त्यांना आंधळं ठेवायचं? मग हा जीव लावणं कसलं? जायचे असतील तर जातील. डोळे घेऊन जातील. असं म्हणत गेले खरी, पण दुकानदाराने "संध्याकाळी देतो" म्हटल्यावर मला वाटलं, याने आठवडा लावला असता तर बरं झालं असतं.

चष्मा घातल्यावर अण्णांनी आधी माझ्याकडे पाहिलं. चांगलं निरखून. "आगं, तुझं केस पिकलं की," म्हणाले. "कुणी बोललं न्हाई मला."

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही सांगितलं," मी म्हणाले. आम्ही दोघं हसलो.

त्यानंतर काही दिवस ते पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे. माझे कान तिकडेच. पण एक शब्द बोलले नाहीत. संध्याकाळी "काय आणलं, कितीला?" तसंच चालू होतं. मी वीस सांगायचे, दहा सांगायचे, ते मान डोलवायचे. मला वाटलं, वाचलो. पेपरात काय, घाऊक भाव असतात, तेही एका किलोचे नाहीत, दहा किलोचे; त्यांना उमगत नसेल.

मग एका शुक्रवारी लॅबमधून येताना चौकातल्या पुखराजशेठच्या किराणा दुकानात थांबले. शेठ गिऱ्हाईक बाजूला ठेवून माझ्यापाशी आले.

"ताई, तुमचे सासरे आलेले दुपारी. काही घेतलं नाही."

"मग कशाला आलेले?"

"वाचायला." शेठना कसं सांगावं कळेना. "म्हणजे एकेक पाकीट उचलायचं, चष्मा वर करायचा, बघायचं, परत जागेवर ठेवायचं. तूरडाळ, मग तेल, मग चहा. असं सगळं दुकान बघितलं त्यांनी. मी म्हटलं, अण्णा, काय देऊ? तर म्हणाले, न्हाई बाबा, बघतोय नुसतं. बराच वेळ त्या स्टुलावर बसले. पाणी दिलं मी. मला म्हणाले, ही डाळ दोनशेचीच का? मी काय सांगणार, ताई? छापलेलंच आहे. मला माहीत असतं तर..."

"तुमचं काही चुकलं नाही, शेठ," मी म्हणाले. 

घरी गेले तर अण्णा नेहमीसारखे. जेवले. एकच भाकरी. मी दुसरी पुढे केली तर ताटावर दोन्ही हात धरले.  शनिवारी सकाळी मी केस विंचरत असताना बाहेरून त्यांचा फोनवरचा आवाज आला. फोनवर त्यांना हळू बोलता यायचंच नाही.

"व्हय गं नंदे, येतो. उद्याच्या गाडीनं. न्हाई, न्हाई, भांडण कसलं? तसली न्हाई ती. येतो म्हणलं ना."

मी कंगवा हातात धरून तशीच उभी राहिले. मग कामावर गेले. त्या दिवशी एका बाईची शीर मला सापडेना. दोनदा टोचलं.  तिची माफी मागितली.

संध्याकाळी फाटकाशी हौसाबाईकडे भेंडी घेतली, अर्धा किलो. अण्णांना भेंडी आवडायची, कोरडी, लसूण घालून. जिना चढताना मला कढ येत होते, पण दारापाशी पोचेपर्यंत त्या कढांचा राग झाला होता. तीन वर्षं! तीन वर्षं मी रोज संध्याकाळी तोंड सांभाळून बोलले, आणि हा माणूस मला न सांगता नणंदेला फोन करतो!

अण्णा स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते. समोर ताट आणि विळीऐवजी घेतलेली सुरी, निवडायच्या तयारीत. कोपऱ्यात त्यांची पिशवी होती. भरलेली.

"काय आणलं?" त्यांनी विचारलं.

"भेंडी."

"कितीला?"

"ऐंशी!" मी पिशवी ताटात उपडी केली. "ऐंशी रुपये किलो! डाळ दोनशे दहा, तेल एकशे तीस, कांदा सत्तर. ऐकायचं होतं ना? ऐका. तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन फुकट नव्हतं आणि रिक्षाचे ब्याऐंशीच झाले होते. हजार रुपयात तुमचं निम्मं भागत नाही, पाव पण भागत नाही. केलं मी खोटं! का केलं माहितीय? तुम्ही गेलात तर मी मरेन म्हणून नाही, मरत नाही कुणी. पण कामावरून आल्यावर मला कोणीतरी विचारायला पाहिजे, काय आणलं म्हणून. एकटीनं ताट घेऊन बसले की माझ्या घशाखाली घास जात नाही, अण्णा. हेमंत गेल्यावर तुम्ही थांबलात म्हणून मी जेवले. आता जायचं असेल तर जा. पण मला सांगून जा, चोरून नंदाताईंना फोन करून नको."

एवढं बोलून मी खुर्चीत बसले आणि तोंडावर पदर घेऊन रडले. कितीतरी दिवसांनी असं आवाज काढून रडले.

 ताटातली भेंडी गोळा करून अण्णांनी फडक्याने पुसायला घेतली, एकेक. बऱ्याच पुसून झाल्यावर म्हणाले, "सकाळी नंदाला सांगितलं, येतो म्हणून. मग पिशवी भरली. तीन सदरं आन दोन धोतरं, त्याला कितीसा येळ लागतोय? भरली, परत काढली. परत भरली. दिवस गेला त्यात."

मी पदर बाजूला केला. त्यांचा नवा चष्मा ओला झाला होता, आणि त्यांना तो काढून पुसायचं सुचत नव्हतं.

"हे बघ पोरी," ते म्हणाले, "मला दुकानात कळलं. मी तितंच बसलो. म्हणलं, तीन वरीस हिनं आपल्याला फुकट खाऊ घातलं. लाज वाटली. लई लाज वाटली. आन लाजेच्या आत, कसं सांगू तुला, बरं पण वाटलं. माझ्यापायी कुणी येवढं खोटं बोललं न्हाई कधी."

"मग राहा की."

"कसा ऱ्हाऊ? तू ऐंशी म्हणालीस. आता मला ऐंशी म्हाईत झाले. माझा सोभाव तुला ठावं हाय. आता मला जावंच लागंल." त्यांनी फडकं ताटात टाकलं. "आन मला न्हाई जायचं गं. मला हितंच ऱ्हायचंय."

 शेजारी लतिकाच्या घरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या.

अण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि परत घातला. मग गळा साफ केला आणि मी आत्ताच जिना चढून आल्यासारखं, अगदी रोजच्या आवाजात विचारलं, "काय आणलं गं?"

मी त्यांच्याकडे बघितलं. ते ताटाकडे बघत होते, आणि सुरी धरलेला त्यांचा हात थांबला होता.

"भेंडी," मी म्हणाले.

"कितीला?"

 मी पदराने नाक पुसलं.

"वीसला, अण्णा. वीस रुपये किलो."

"वीस?" अण्णा म्हणाले. त्यांनी पहिल्या भेंडीचं देठ काढलं. "मग येवढीशी का आणलीस? किलोभर आणायची की, येडे."

दुसऱ्या दिवशी मी किलोभर आणली.